लाइट गेली की होम सर्व्हर उठत नाही, मोठा यूपीएस घ्यावा का?

माळ्यावरचा_डबा (प्रश्न)

सेटअप: वापरलेला मिनी पीसी (आय५, सहावी पिढी, ८ जीबी रॅम), डेबियन १२, २५६ जीबीच्या एसएसडीवर सिस्टम. ४ टीबीची साडेतीन इंची यूएसबी डिस्क /एमएनटी/डेटा या फोल्डरावर जोडलेली (माउंट), एक्स्ट४ फाइलसिस्टममध्ये. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) इमिच (फोटोंसाठी) आणि जेलीफिन (सिनेमांसाठी). ६०० व्हीएचा साधा यूपीएस आहे, यूएसबी पोर्ट नसलेला. त्यावर मिनी पीसी, राउटर आणि फायबरचा डबा.

दर गुरुवारी दुरुस्तीसाठी तीन-चार तास लाइट जाते, पावसाळ्यात तर कधीही. लाइट आल्यावर दोनपैकी एक होतं. एक, पीसी बंदच राहतो. दोन, पीसी चालू पण एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन) लागत नाही, मॉनिटर जोडला की "इमर्जन्सी मोड" (बूट अर्धवट थांबून दुरुस्तीची स्क्रीन) दिसतो. यावर कुणीतरी एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) "नोफेल" (डिस्क नसली तरी बूट थांबवू नको) टाकायला सांगितलं. ते टाकल्यावर बूट व्हायचा, पण महिनाभरात एसएसडी १०० टक्के भरली. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतो भरली, डीयूला (फोल्डरांच्या आकाराची बेरीज करणारी कमांड) मात्र ११८ जीबी सापडतच नाहीत. म्हणून नोफेल काढलं, आणि पुन्हा इमर्जन्सी मोड. १ केव्हीएचा यूपीएस घेतला तर सुटेल का?

खटका

नाही. मोठ्या यूपीएसने हेच सगळं तासभर उशिरा होईल. आधी सर्व्हर आपला आपण उठला पाहिजे, यूपीएसचं नंतर बघू.

पहिलं, ती डिस्क कशावर आहे? साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. तुमच्या यादीत यूपीएसवर तो दिसत नाही. भिंतीवर असेल तर लाइट जाताक्षणी डिस्क गायब होते, पीसी मात्र यूपीएसवर चालूच असतो आणि डॉकर हवेत लिहीत राहतो. अडॅप्टर आजच यूपीएसवर घ्या.

दुसरं, एफएसटॅब. नोफेल नसेल तर सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) डिस्कची ९० सेकंद वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातो. म्हणजे नोफेल हवंच. ओळीत हे असू द्या: /डेव्ह/एसडीबी१ ऐवजी यूयूआयडी (डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लक-आयडी कमांडने मिळतो, कारण एसडीए-एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात), नोफेल, डिव्हाइस-टाइमआउट १० सेकंद, शेवटचा आकडा २ म्हणजे एफएससीके (फाइलसिस्टमची तपासणी) चालेल.

आणि इन्स्टॉल करताना रूटचा (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा) पासवर्ड रिकामा ठेवला असेल तर इमर्जन्सी मोडमध्ये "रूट अकाउंट लॉक आहे" एवढंच दिसतं, आत जाताच येत नाही. आत्ताच सुडो लावून रूटचा पासवर्ड ठेवून द्या.

तांब्याची_तार

टाइमआउट १० सेकंद कमी पडेल. बंद पडलेली यूएसबी डिस्क फिरायला लागून ओळखली जाईपर्यंत कधी कधी १५-२० सेकंद जातात. ६० ठेवा. नोफेल असल्यामुळे बाकीचं बूट त्यासाठी अडत नाही, एसएसएच आधीच मिळतं.

आता त्या ११८ जीबींचं. ते हरवलेले नाहीत, डिस्कच्या खाली दबलेत. नोफेलमुळे ज्या दिवशी डिस्क न लागता बूट झाला, त्या दिवशी /एमएनटी/डेटा हे एसएसडीवरचं नुसतं रिकामं फोल्डर होतं. डॉकरला त्याचं काय? त्याने तिथेच फोल्डरं तयार केली आणि लिहायला लागला. नंतर डिस्क लागली, वरून झाकण पडलं. डीयू झाकणाच्या वरचं मोजतो, डीएफ खालचंही मोजतो.

बघायचं असं: /एमएनटी/मूळ नावाचं फोल्डर करा, "माउंट --बाइंड" ने / तिथे जोडा, मग /एमएनटी/मूळ/एमएनटी/डेटा वर डीयू चालवा. सापडलेलं थेट उडवू नका! इमिचचा डेटाबेस एसएसडीवर असेल तर त्या दिवसांत फोनवरून चढलेल्या फोटोंची नोंद त्यात आहे आणि खुद्द फोटो या दबलेल्या फोल्डरात. डॉकर थांबवा, आरसिंकला (फाइली कॉपी करणारी कमांड) "--इग्नोर-एक्झिस्टिंग" (आधीच असलेल्या फाइली सोडून द्यायच्या) लावून डिस्कवर आणा, फोटो उघडतात का बघा, मगच पुसा.

पुन्हा होऊ नये म्हणून दोन कुलपं लावा.

एक, डॉकरला डिस्कशी बांधा. "सिस्टमसीटीएल एडिट डॉकर" करून युनिट या मथळ्याखाली "रिक्वायर्स-माउंट्स-फॉर" ची ओळ, पुढे /एमएनटी/डेटा. डिस्क नाही तर डॉकर सुरूच होणार नाही. नंतर डिस्क जोडून "सिस्टमसीटीएल स्टार्ट डॉकर" म्हटलं की तोच आधी माउंट करतो.

दोन, डॉकर थांबवून डिस्क अनमाउंट करा आणि त्या रिकाम्या फोल्डरावर "चॅटर +आय" चालवा. मग तिथे रूटलासुद्धा फाइल करता येत नाही. डिस्क माउंट झाली की हा निर्बंध आडवा येत नाही, कारण तो खालच्या फोल्डराचा आहे. मात्र डिस्क माउंट असताना चुकून चालवलात तर तो डिस्कच्याच मूळ फोल्डराला लागेल, तेव्हा आधी "फाइंडमाउंट" ने खात्री करा.

रात्रपाळी

"पीसी बंदच राहतो" याची दोन कारणं असतात.

बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा "आफ्टर पॉवर लॉस" असा पर्याय असतो, तो "पॉवर ऑन" करा. केलेला असूनही विसरत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल गेला आहे. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दिसला तर बदला, शंभर रुपयांच्या आतलं काम आहे. सेल गेला की घड्याळही मागे जातं. मग इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत सगळी सर्टिफिकेटं चुकीची दिसतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. काही पीसी तर सेल गेल्यावर "एफ१ दाबा" म्हणून थांबतात, आणि कीबोर्ड जोडलेलाच नसतो.

दुसरं कारण पुढे येईल, यूपीएसबरोबर.

तुमच्या ६०० व्हीएमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असेल, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. अशा यूपीएसात निम्मे हाती लागले तर खूप. मिनी पीसी, डिस्क, राउटर आणि फायबरचा डबा मिळून ४० वॅट धरा. नवी बॅटरी तासभर, दोन-अडीच वर्षं जुनी कदाचित १५ मिनिटं. गुरुवारचे चार तास यात निघणार नाहीत, निघायची गरजही नाही. पाच मिनिटं थांबून नीट शटडाउन, बस्स.

यूएसबीवाला यूपीएस असता तर एनयूटी (यूपीएसशी बोलून सर्व्हर बंद करणारा प्रोग्राम) टाकून काम झालं असतं. (स्वस्त मॉडेलांना बहुतेक "एनयूटीडीआरव्ही-क्यूएक्स" ड्रायव्हर चालतो. पण त्यांच्या "लो बॅटरी" इशाऱ्यावर विसंबू नका, तो येतो तेव्हा मिनिटभरही उरलेलं नसतं. एनयूटीच्याच "अप्स-शेड" मध्ये ३०० सेकंदांचा टायमर लावा.) तुमच्याकडे पोर्ट नाही, तर जुगाड करा. एक वाय-फाय स्मार्ट प्लग थेट भिंतीत लावा, यूपीएसवर नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर गीझरच्या किंवा एसीच्या पॉइंटला, कारण तिथे सहसा इन्व्हर्टरची लाइन नसते. राउटरमध्ये त्याचा आयपी पक्का करा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) दर मिनिटाला स्क्रिप्ट: आधी राउटरला पिंग (उत्तर देतो का बघणं), मग प्लगला. राउटर उत्तर देतोय आणि प्लग देत नाही, असं सलग पाच वेळा झालं तर पॉवरऑफ. राउटरच गप्प असेल तर काहीच करायचं नाही, नाहीतर राउटर रीस्टार्ट केलात की सर्व्हर झोपेल. मोजणीची फाइल /रन मध्ये ठेवा, बूटबरोबर आपोआप शून्य होते.

आता राहिलेलं कारण. सर्व्हर नीट बंद झाला आणि यूपीएसमध्ये जीव असतानाच लाइट आली, तर पीसीच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती. बायोसची सेटिंग लागू होत नाही, पीसी बंदच. त्यासाठी शटडाउनच्या आधी "आरटीसीवेक -एम नो -एस ३६००" चालवा, म्हणजे तासाभराने बोर्डाचं घड्याळ पीसी उठवेल. लाइट नसेल तर स्क्रिप्ट पाच मिनिटांत पुन्हा झोपवेल. तोवर बॅटरी पूर्ण संपली तर लाइट आल्यावर बायोसची सेटिंग उठवेलच. काही बोर्डांत घड्याळाने जागं होणं बायोसमध्ये बंद असतं, दोन मिनिटांची वेळ लावून आधी तपासा.

खटका

इन्व्हर्टर असेल तर एक पुरवणी. मागे "यूपीएस मोड"चा खटका असतो, तो त्या बाजूला हवा, नॉर्मल मोडला बदलायला लागणाऱ्या वेळात पीसी रीस्टार्ट होतो. आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या मागे छोटा यूपीएस लावू नका. पुष्कळ यूपीएस ती वीज नाकारतात आणि इन्व्हर्टर चालू असताना स्वतःची बॅटरी खात बसतात.

माळ्यावरचा_डबा

अडॅप्टर खरंच भिंतीवर होता, घेतला यूपीएसवर. बाइंड माउंट केल्यावर ११६ जीबी सापडले, बहुतेक जेलीफिनसाठी उतरवलेलं, पण ३४० फोटोही. आरसिंक चालू आहे. सेल २.४ व्होल्ट. इतक्या वेळा डिस्कची वीज तुटली, तर ती अजून भरवशाची आहे का, कसं कळेल?

तांब्याची_तार

"स्मार्टसीटीएल -ए" (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवा, यूएसबी डब्यामुळे उत्तर आलं नाही तर सोबत "-डी सॅट". ५, १९७ आणि १९८ या तीन ओळींचे (डिस्कवरच्या खराब भागांची मोजणी) शेवटचे आकडे शून्य हवेत. १९७ वाढत असेल तर आधी डेटा हलवा, चाचण्या नंतर. १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक, डब्याच्या आतली जोडणी सैल. १९२ मोठा दिसेल, घाबरू नका, ते अचानक वीज तुटण्याचं मोजमाप आहे. मग लाँग टेस्ट लावा, ४ टीबीला सात-आठ तास धरा, आणि त्या काळात डिस्क झोपू देऊ नका, काही यूएसबी डबे मध्येच डिस्क झोपवतात आणि टेस्ट अर्धवट सुटते.

फाइलसिस्टमसाठी अनमाउंट करून "ई२एफएससीके -एफ". जर्नलमुळे (फाइलसिस्टमची बदलांची नोंदवही) रचना सावरते, पण लिहिता लिहिता तुटलेली फाइल तशीच राहते. इमिच रोज डेटाबेसचा डंप काढतं, मात्र तो अपलोड फोल्डरातच, म्हणजे याच डिस्कवर. रेस्टिकने (बॅकअपचा प्रोग्राम) तो आणि मूळ फोटो दुसऱ्या डिस्कवर न्या, ती डिस्क बॅकअपपुरतीच जोडा. महिन्यातून एकदा रेस्टिकच्या "चेक"ला "रीड-डेटा-सबसेट ५ टक्के" लावा, म्हणजे बॅकअपचा तेवढा भाग वाचून तपासला जाईल.

रात्रपाळी

सगळं झालं की चाचणी यूपीएसच्या भिंतीवरच्या बटणाने करा, रीबूट कमांडने नाही. प्लगही त्याच वेळी बंद करा. एकदा दहा मिनिटांनी बटण चालू करून बघा, एकदा बॅटरी पूर्ण संपू देऊन. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. आरसिंक संपेपर्यंत मात्र बटणाला हात लावू नका.