मदत हवी आहे: गीबत (कुणाच्या पाठीमागे त्याचं उणंदुणं काढणं) टाळायची, पण स्थळाच्या चौकशीला काय सांगायचं?

अस्सलामु अलैकुम. जिभेवर ताबा ठेवायचा मी मनापासून प्रयत्न करतेय. कुरआनातल्या सूरह अल-हुजुरातच्या 12व्या आयतीत गीबतीला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिलीय. ती वाचल्यापासून चहाच्या वेळी कुणाच्या सुनेचा विषय निघाला की पोटात कालवतं. पण घरातल्या मोठ्यांना कसं थांबवायचं? फुफी (आत्या) बोलत असताना उठून जाणं बेअदबी वाटते. विषय बदलायला तुम्ही नेमकं काय म्हणता?

दुसरं जास्त अवघड आहे. ओळखीतल्या एका मुलीला स्थळ आलंय आणि तिची अम्मी माझ्याकडे मुलाची चौकशी करतेय. त्याचा तापटपणा मी जवळून पाहिलाय. इमाम नववी या जुन्या काळच्या मोठ्या आलिमांनी (धर्माच्या जाणकारांनी) गीबतीला सहा अपवाद सांगितलेत, लग्नाची चौकशी त्यात येते. मग गरजेपुरतं म्हणजे किती? रागात ताट भिरकावतो हे सांगावं, की 'अजून विचार करा' एवढंच पुरे? गप्प बसणं मला तरी मुलीवर अन्याय वाटतो. कुणी आलिमांना विचारून असा प्रसंग निभावला असेल तर कृपया लिहा. जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) आत मला मुलीच्या अम्मीला फोन करायचाय.