फ्लेक्सी बास्केटमध्ये काय घ्यावं? जुनी करप्रणाली की नवी?

वाळूज_लाइन२
कंपनी वाळूज एमआयडीसीत, राहायला छत्रपती संभाजीनगरात. एचआरने २०२५-२६ चा फ्लेक्सी फॉर्म (पगाराचा काही भाग कोणत्या भत्त्यांत घ्यायचा ते निवडायचा) दिलाय, एप्रिलच्या पगाराआधी द्यायचाय. कंपनीचा पीएफ हिस्सा सोडून वर्षाचा पगार १३,५०,०००. त्यात बेसिक ६,००,०००, एचआरए (घरभाडे भत्ता) २,४०,०००. भाडं महिना १२,०००. ८०सी चे (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीवरच्या वजावटीचे) दीड लाख पूर्ण भरतात. बास्केटमध्ये मील कार्ड, एलटीए (सुट्टीचा प्रवास भत्ता), मोबाइल बिल, पेट्रोल आणि कंपनीमार्फत एनपीएस (निवृत्तीवेतन योजना) आहे. जुनी प्रणाली ठेवून सगळं घेतलं तर फायदा होईल ना?

पेरोल_शेंद्रा
नाही, दादा. तुमच्या आकड्यांत नवीच घ्या, आणि बास्केटमधून सगळ्यात आधी एनपीएसवर टिक करा.

नव्या प्रणालीत ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट) गेलं की उरतात १२,७५,०००. कर ७१,२५० आणि ४ टक्के सेस, म्हणजे ७४,१००. आता कंपनीला बेसिकच्या १४ टक्के, म्हणजे महिना ७,०००, एनपीएसमध्ये भरायला सांगा. वर्षाचे ८४,००० कलम ८०सीसीडी(२) खाली वजा झाले की उत्पन्न ११,९१,००० वर येतं. १२ लाखांच्या आत आल्यामुळे कलम ८७ए ची करसूट पूर्ण मिळते आणि कर शून्य. हातातला पगार महिन्याला फक्त ८२५ रुपयांनी कमी होतो, कारण ६,१७५ चा टीडीएसच (पगारातून कापला जाणारा कर) थांबतो.

जुनीचा हिशोबही बघा. एचआरए सूट ८४,००० (भाडं वजा बेसिकचे १० टक्के), ८०सी १,५०,०००, मील कार्ड २६,४००, एनपीएस ६०,००० (खासगी नोकरीत तिथे १० टक्केच), स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, व्यवसाय कर २,५००. एवढं करूनही उत्पन्न ९,७७,१०० आणि कर सुमारे १,१२,२४०. एलटीएचे ३०,००० धरले तरी आणखी ६,२४० च वाचतात.

रिटर्न_जालना
हिशोब बरोबर आहे, पण बँकेचं व्याज धरलं का? एफडीचं १०,००० व्याज आलं तर उत्पन्न १२,०१,०००. सीमांत सवलतीमुळे कर वरच्या १,००० एवढाच, सेससह १,०४०. घाबरण्यासारखं नाही, पण महिना १,००० चं मोबाइल बिल फ्लेक्सीत टाकलं की तेही मिटतं. मोबाइल बिलाची सूट दोन्ही प्रणालींत आहे. कनेक्शन स्वतःच्या नावावर हवं आणि दर महिन्याची बिलं जपून ठेवा. बिल नाही दिलं तर मार्चच्या पगारात ती रक्कम करपात्र होऊन येते.

मील कार्ड मात्र नव्या प्रणालीत घेऊ नका. २०२५-२६ साठी जेवणामागे ५० रुपयांची सूट फक्त जुनीतच आहे. इथे करही लागेल आणि पैसेही कार्डात अडकतील. एलटीए आणि एचआरए यांचंही तेच. शेअरमधला अल्पकालीन नफा असेल तर त्यावरच्या करावर ८७ए लागू होत नाही, तो वेगळा भरावा लागतो.

वाळूज_लाइन२
धन्यवाद दोघांनाही. पेट्रोलचं काय? कार १.२ लीटरची आहे, स्वतःच्या नावावर. आणि एनपीएस मी स्वतःच भरलं तर?

पेरोल_शेंद्रा
स्वतः भरून काही उपयोग नाही. ८०सीसीडी(१बी) ची, म्हणजे स्वतः भरलेल्या एनपीएसवरची, ५०,००० ची वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही. पैसे कंपनीच्या हिश्शातूनच जायला हवेत, आणि मार्च संपल्यावर ही चूक दुरुस्त होत नाही. रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते, पण कंपनीने न भरलेलं एनपीएस मागून दाखवता येत नाही. आधीचं प्रान (एनपीएसचं) खातं वैयक्तिक असेल तर ते कॉर्पोरेट गटात हलवायचा आयएसएस फॉर्म आत्ताच एचआरकडे द्या. तो अडकला की पहिले दोन-तीन हप्ते चुकतात, आणि दोन चुकले तरी ८४,००० चे ७०,००० होऊन तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या वर जातं. हा पैसा निवृत्तीपर्यंत बहुतेक अडकून राहतो, हेही ध्यानात ठेवा.

पेट्रोलला २०२५-२६ साठी १.६ लीटरपर्यंतच्या कारला महिना १,८०० पर्यंतचा परतावा करमुक्त आहे, मोटारसायकलला ९००. अट एवढीच की गाडी कंपनीच्या कामालाही वापरली गेली पाहिजे. मोबाइल बिल धरल्यावर तुमचा कर आधीच शून्यावर आलाय, तेव्हा पेट्रोलच्या पावत्या गोळा करत बसू नका. तो भाग रोख पगारातच ठेवा.