बाळंतिणीसाठी अ‍ॅप बनवतेय. कुठे चुकतंय?

सुईदोरा
मी अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाइन करते. सध्या आमची चार जणांची टीम बाळंतिणींसाठी मराठी अ‍ॅप करतेय. बाजारात आहेत ती बहुतेक बाळाची अ‍ॅप्स: किती वेळा पाजलं, शी कितीदा, वजन किती. आईला कसं वाटतंय हे विचारणारं फारसं काही नाही.

आमचा आराखडा असा. पहिले ४२ दिवस रोज दोन मिनिटांचा ऑडिओ. दर आठवड्याला एडिंबरा प्रश्नावली. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला ती १९८७पासून वापरात आहे, मागच्या सात दिवसांबद्दल दहाच प्रश्न असतात. आणि त्या उत्तरांचा सारांश नवऱ्याला किंवा सासूला पाठवायची सोय, म्हणजे तिने न सांगताही घरच्यांना कळेल.

पूर्वी माहेरी सव्वा महिना चार बायका आजूबाजूला असायच्या. आता टू बीएचकेमध्ये दोघंच. आई पंधरा दिवस येते, डिंकाचे लाडू करून ठेवते आणि जाते. ती जागा थोडी तरी अ‍ॅप भरेल असं मला वाटतं. बिनधास्त झोडा.

खारीकखोबरं
झोडतेच. बाळ अकरा आठवड्यांचं आहे, त्यामुळे तुकड्यातुकड्यात लिहिते.

रात्रीचे तीन. बाळ डाव्या हातावर, त्याची मान सांभाळायची. टाके दुखतात म्हणून मी एका बाजूला कलून बसलेली. उजव्या अंगठ्याने फोन. दिवा लावला तर बाळ टक्क जागं होणार. अशा अवस्थेत मी एका अ‍ॅपमध्ये नोंद करायचे: सुरू, थांबवा, बाजू बदला. एका पहाटे त्याने दाखवलं, ‘आज ६ वेळा, कालपेक्षा २ कमी’, आणि शेजारी खाली जाणारा लाल बाण. मी तिथेच रडायला लागले. बाळ मजेत होतं, वजन वाढत होतं. नापास मी झाले होते.

आता तुम्ही माझ्या मनाचाही आठवड्याचा बाण काढणार?

सुईदोरा
बाण, आलेख, सलग किती दिवस भरलं याची शाबासकी, यातलं काहीच ठेवणार नाही, हे आधीच ठरलंय. पण तुमचं वाचून एक कळलं. आमची ‘पुढे’ची कळ स्क्रीनवर वर उजवीकडे आहे. एका अंगठ्याने तिथे पोचणार कसं? आणि पार्श्वभूमी पांढरी शुभ्र. दिवसाउजेडी ऑफिसात बसून काढलंय ते, दिसतंच.

वॉर्डातली मावशी
एकतीस वर्षं प्रसूतिकक्षात नर्स होते, आता निवृत्त. अ‍ॅपला विरोध नाही, तुमच्या क्रमाला आहे.

मनाचं विचाराच, पण पहिल्या स्क्रीनवर जिवाचं पाहिजे. तासाभरात आख्खं पॅड भिजतंय, ताप आहे, डोकं फार दुखतंय आणि नजर अंधुक झालीय, एका पोटरीत कळ आणि सूज, दम लागतोय: यातलं काही असेल तर अ‍ॅप बंद, रिक्षा बोलवा. बीपीचा त्रास बाळंतपणानंतरही उद्भवतो हे घरोघरी माहीत नसतं. ‘रात्री जागरण झालं म्हणून डोकं दुखतंय’ म्हणून झोपवलेल्या बायका मी पाहिल्यात.

दुसरं. गावाकडे आशा ताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते, नवजात बाळ पाहायला. ही घरी जाऊन तपासायची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आधी करून दाखवली, मग ती देशभर गेली. शहरातल्या खासगी दवाखान्यातून घरी गेलेल्या बाईकडे मात्र बहुतेक वेळा कुणी फिरकत नाही. तुमचं अ‍ॅप तिच्यासाठी असेल तर त्या सहा दिवसांना धरून करा. रोज ऑडिओ कोण ऐकणार? आणि दीड महिन्याच्या लसीला बाळाला घेऊन ती येतेच येते. त्या दिवशी तिचं स्वतःचं विचारून घ्या.

जुगाडू
मुळात अ‍ॅप कशाला? सरकारचं ‘किलकारी’ साध्या फोनवर चालतं. गरोदरपणापासून मूल वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक कॉल, एकूण ७२. डाउनलोड नाही, पासवर्ड नाही. गावातल्या बायकांपर्यंतही पोचायचं असेल तर आवाजच बरा.

आणि डेटा. पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो अ‍ॅपने बायकांची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांकडे जाऊ दिली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला होता. २०२१मध्ये तडजोड झाली. ‘मला रडू येतं’ हे उत्तर तुमच्या सर्व्हरवर का राहावं? फोनमध्येच राहू द्या.

दुपट्यातला बाबा
मी उलट म्हणेन. अ‍ॅप नवऱ्याच्याच फोनवर टाका. माझी बायको आठवडाभर गप्प होती, मला वाटलं दमलीय. मला कुणी नोटिफिकेशन पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

मधली जाऊ
दादा, तुमच्या घरी बरं झालं असतं. माझ्या घरी नाही.

दुसरी मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. बाराव्या दिवशी बारसं झालं. पेढे नाही, बर्फी नाही, चहावर पाहुणे गेले. मला मेल्यासारखं झालं होतं. त्यात माझं उत्तर सासूबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं असतं तर? ‘हिला मूल सांभाळता येत नाही’ हेच पुढे दहा वर्षं ऐकलं असतं. गोव्यातल्या बाळंतिणींवरचा एक अभ्यास २००२मध्ये छापून आला होता. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं, आणि त्यामागच्या कारणांत पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं ही होती. म्हणजे ज्यांच्यामुळे त्रास, त्यांनाच सारांश.

आणि देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा फोन आहे, हा २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा. बाकीच्यांचं अ‍ॅप कुणाच्या खिशात असणार?

दुपट्यातला बाबा
हे लक्षात आलं नव्हतं. पण मग नवऱ्याला कळणार कधी? तिने सांगितल्यावरच? ती तर सांगत नाही.

मधली जाऊ
तिला विचारा. अ‍ॅपला नको.

सुईदोरा
सारांशाची सोय काढून टाकते, हे पटलं. त्याऐवजी नवऱ्याला फक्त कामं जातील: आज रात्री १ ते ५ बाळ तुझ्याकडे, पाण्याची बाटली भरून ठेव, असं. तिच्या उत्तरातलं अवाक्षर नाही.

पण ‘अ‍ॅपला नको’ हे पटत नाही. माहेर म्हणजे सगळं गोड, असं कुठे असतं? माझ्या बाळंतपणात मी आईला म्हटलं, मला याच्याकडे बघून काहीच वाटत नाही. आई म्हणाली, ‘असं बोलू नये, सटवाई ऐकते.’ त्यानंतर मी बोललेच नाही. फोनला सांगितलं असतं. फोन दचकत नाही.

खारीकखोबरं
फोन दचकत नाही, हाच तर घोळ आहे. एडिंबराचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री तीनला कुणी ‘हो’ दाबलं तर तुमच्या चौघांत जागं कोण आहे?

सुईदोरा
कुणी नाही. आत्ता त्या उत्तरानंतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर येतो. तो चोवीस तास चालू असतो.

वॉर्डातली मावशी
नंबर दाखवणं वेगळं, लावून देणं वेगळं. कॉलची कळ द्या, अंगठ्याखाली. खाली तिने आधी, बरी असताना, निवडून ठेवलेल्या एका माणसाचा नंबर. बहीण असेल, मैत्रीण असेल. आणि असं उत्तर आलं की दहा प्रश्नांच्या गुणांची बेरीज बघत बसू नका, एकूण गुण कमी असले तरी. हे करता येत नसेल तर प्रश्नावली ठेवूच नका.

बरं, भाषांतर कोणी केलंय? सहावा प्रश्न पाठवा.

सुईदोरा
‘गेल्या सात दिवसांत सगळं माझ्या अंगावर येत होतं.’

वॉर्डातली मावशी
वाटलंच. शहरातलीला कळेल. पण बाळंतिणीच्या खोलीत ‘अंगावर’ म्हणजे काय काय असतं माहीत आहे ना? बाळ अंगावर पितं. अंगावरून जातं म्हणजे रक्त जातं. माझ्या वॉर्डातल्या बाईला हे ऐकवलंत तर ती म्हणेल, ‘हो, कालपासून जास्तच.’ तुम्ही तिला नैराश्यात धराल आणि खरं तर तिला रक्तस्राव होत असेल.

‘उदास’ही कुणी म्हणत नाही. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘उगाच रडू येतं’ म्हणतात. पण आपल्या मनाने शब्द बदलले तर गुणांना अर्थ राहत नाही, तपासून घेतलेलं भाषांतरच लागतं. मानसोपचारवाल्यांकडे जा.

जुगाडू
‘अंगावर’ फ्रेम करून लावा ऑफिसात.

सुईदोरा
लावते. प्रश्नावली आत्तापुरती बाहेर ठेवतेय, तपासलेलं भाषांतर हातात येईपर्यंत. राहिलं काय तर धोक्याच्या खुणा, सहा दिवसांचे सहा ऑडिओ, अंगठ्याखालची कॉलची कळ आणि नवऱ्याची कामं. टीमला हे फारच कमी वाटणार आहे. काळ्या पार्श्वभूमीवर नवीन स्क्रीन रविवारपर्यंत काढते. कुणी वापरून बघेल का? कॉलवर अर्धा तास लागेल.

खारीकखोबरं
मी बघते. व्हिडिओ बंद ठेवून. आणि अर्धा तास विसरा. दुपारी दोन ते सव्वादोन, तेही तो झोपला तर.