आफ्टर इफेक्ट्स: क्यूबचं तिसरं वळण चुकीच्या अक्षावर जातं, मदत हवी आहे

आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये ५०० बाय ५०० पिक्सेलचे सहा थ्रीडी लेयर जोडून क्यूब बनवलाय. प्रत्येक बाजू केंद्रापासून २५० पिक्सेल सरकवलेली आहे आणि सगळ्या बाजू मधोमध ठेवलेल्या थ्रीडी नलला (न दिसणारा, फक्त हलवण्या-फिरवण्यासाठीचा लेयर) पेरेंट केल्या आहेत, म्हणजे नल फिरला की त्याही फिरतात. कडा नीट जुळतात, तिथे अडचण नाही.

अडतंय ते फिरवताना. क्रम असा हवा: आधी वायवर (उभ्या अक्षाभोवती) ९० अंश, मग एक्सवर (आडव्या अक्षाभोवती) ९०, मग पुन्हा वायवर ४५०, म्हणजे सव्वा फेरा. प्रत्येक वेळी अक्ष पडद्याच्या हिशेबाने, क्यूबच्या नव्हे.

दोन नल वापरून पाहिले, बाहेरच्याला एक्स आणि आतल्याला वाय. पहिली दोन वळणं अगदी हवी तशी येतात. तिसऱ्याला मात्र वायचा अक्षच कॅमेऱ्याकडे झुकलेला असतो, त्यामुळे क्यूब आडवा वळण्याऐवजी घड्याळाच्या काट्यासारखा जागच्या जागी फिरतो. मग रोटेशनऐवजी ओरिएंटेशन या प्रॉपर्टीला कीफ्रेम (ठरावीक वेळेच्या किमती) दिल्या, पण ते जवळच्या वाटेने जातं आणि पूर्ण फेरा गिळून टाकतं.

प्रत्येक बाजूवर वेगळा व्हिडिओ प्रीकॉम्प (लेयर म्हणून वापरलेली दुसरी कॉम्पोझिशन) आहे, म्हणून लेयरचाच क्यूब हवा. कॅमेरा फिरवून भागणार नाही, मागे स्थिर थ्रीडी अक्षरं आहेत. प्लगिन चालणार नाही, फाइल दुसऱ्यांच्या मशीनवरही उघडायची आहे. एक्स्प्रेशन, म्हणजे प्रॉपर्टीची किंमत ठरवणारा छोटा कोड, चालेल.

तिसऱ्या वळणासाठी बाहेरून आणखी एक नल चढवायचा का? तसं केलं तर पुढच्या प्रत्येक वळणाला नवा नल लागेल, आणि अशी आणखी बरीच वळणं यायची आहेत. की एकाच नलवर, आधीची स्थिती धरून, पडद्याच्या अक्षाभोवती पुढचं वळण देणारं एक्स्प्रेशन लिहिता येतं? येत असेल तर त्याची मांडणी कशी करायची?