मदत हवी आहे: लिबेरो आणि स्मॅशर एकाच मतपत्रिकेवर कशा तोलायच्या? (अमेरिकन कॉलेज महिला व्हॉलीबॉल)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा आणि लिंकनमधली आम्ही काही मराठी कुटुंबं नेब्रास्का विद्यापीठाच्या महिला व्हॉलीबॉल संघाची पक्की चाहती आहोत. हंगाम संपला की कुणाच्या तरी घरी जमतो, जेवणं उरकतो आणि मतदान घेतो. हंगामातली सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम सेटर (मारणारीसाठी चेंडू उंच टाकून देणारी), सर्वोत्तम बचावपटू आणि पहिल्या वर्षाची सर्वोत्तम खेळाडू, तीही फक्त आपल्या संघातून नाही, सबंध देशातून. 2024 च्या हंगामासाठी मतपत्रिका आणि निकष ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. नेमकी इथेच मदत हवी आहे.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. इथे हा खेळ फार मनापासून पाहिला जातो. 30 ऑगस्ट 2023 ला लिंकनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये नेब्रास्का विरुद्ध ओमाहा सामना झाला तेव्हा 92,003 प्रेक्षक होते. एरवीच्या घरच्या सामन्यांची तिकिटं 2001 पासून सलग संपत आली आहेत. त्यामुळे पुरस्कारांवरचे वादही जोरात होतात, आणि आमच्या व्हॉट्सॲप गटात तर ते डिसेंबरपासून थांबलेलेच नाहीत.

वाद असा. देशातली सर्वोत्तम खेळाडू हा मानाचा किताब प्रशिक्षकांची संघटना, म्हणजे एव्हीसीए, देते. 2024 चा किताब पिट्सबर्गच्या ऑलिव्हिया बॅबकॉकला मिळाला. ती उजव्या बाजूची स्मॅशर, म्हणजे जोरात फटके मारणारी, मागच्या ओळीतूनही मारते, सर्व्हिस तर अशी की समोरच्या संघाची घडीच विस्कटते. तिला मिळाला याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण आमच्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं की नेब्रास्काची लिबेरो, म्हणजे मागच्या ओळीत फक्त बचाव करणारी, लेक्सी रॉड्रिगेझ चार वर्षं ऑल-अमेरिकन (देशातल्या निवडक खेळाडूंच्या यादीत) राहिली, तिच्या जिवावर संघ उभा होता, आणि तरी या किताबाच्या चर्चेत तिचं नाव शेवटी तोंडी लावण्यापुरतंच येतं. उरलेले म्हणतात, गुण कोण मिळवतं ते बघा.

मला स्वतःला पहिली बाजू पटते. माझी मुलगी शाळेच्या संघात लिबेरो आहे, म्हणून कदाचित माझी नजर तिकडे जास्त जाते. पण एक रॅली डोळ्यांसमोर आणा. समोरून जोराची सर्व्हिस खोल कोपऱ्यात येते. लिबेरो दोन पावलं सरकते, हात जोडते आणि चेंडू अलगद सेटरच्या डोक्यावर. सेटरला तिन्ही वाटा मोकळ्या. मधली खेळाडू उडी मारायला धावते, समोरची मधली ब्लॉकर (नेटवर हात उभे करून फटका अडवणारी) तिच्यापाशी अडकते, डावीकडून मारणारीपुढे एकच ब्लॉकर उरते आणि चेंडू जमिनीवर. किल, म्हणजे थेट गुण मिळवणारा फटका, लिहिला जातो स्मॅशरच्या नावावर, असिस्ट, म्हणजे त्यासाठी चेंडू टाकून दिल्याचं श्रेय, सेटरच्या नावावर. जिच्यामुळे हे सगळं घडलं तिच्या रकान्यात काहीही भरलं जात नाही, कारण सर्व्हिस चांगली घेतली तर त्याची डिग (समोरचा फटका उचलणं) म्हणूनही नोंद होत नाही. चुकली तर मात्र चूक लिहिली जाते!

त्यात नियमही बघा. लिबेरोला ब्लॉक करता येत नाही, नेटच्या वरून मारता येत नाही. गुण मिळवायची दारं आधीच बंद करून मग गुण मोजायचे, हे मला न्याय्य वाटत नाही. एनसीएएत, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेत, महिलांसाठी लिबेरो 2002 पासून आहे, आणि तेव्हापासून एकाही लिबेरोला हा किताब मिळालेला नाही.

म्हणून विचारते. सर्वोत्तम खेळाडूचं मत देताना लिबेरो, सेटर, ब्लॉकर, स्मॅशर यांना एका पातळीवर आणणारा एखादा सोपा निकष आहे का? कुठले आकडे धरायचे आणि कुठले सोडायचे? आणि राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी मोजायची का? आमच्यातले काही जण सामने रोज बघणारे, काही फक्त शेवटचे चार-पाच बघणारे, तेव्हा सगळ्यांना झेपेल असं सुचवा.

– नेटपलीकडे

प्रतिसाद: तिसरा स्पर्श

आकड्यांपासून सुरुवात करा, पण कच्च्या किल्सपासून नको. सामना तीन सेटांत संपू शकतो किंवा पाच सेटांत, म्हणून सगळं दर सेटमागे बघायचं. स्मॅशरसाठी हिटिंग टक्केवारी जास्त बोलकी. किल्समधून चुका वजा करायच्या आणि एकूण प्रयत्नांनी भागायचं. 40 प्रयत्नांत 18 किल आणि 6 चुका असतील तर .300 येते. ब्लॉक होऊन चेंडू आपल्याच अंगणात पडला तर तीही चूकच धरतात.

पण हीच टक्केवारी मधल्या खेळाडूची आणि बाजूच्या स्मॅशरची शेजारी ठेवू नका. मधलीला चेंडू मिळतो तो पास चांगला आला तरच, त्यामुळे तिची टक्केवारी नेहमीच वर दिसते. नेब्रास्काच्या अँडी जॅक्सनचे आकडे म्हणून डोळे दिपवतात. ती आहेच उत्तम, पण तिची तुलना दुसऱ्या मधल्या खेळाडूशीच करा.

प्रतिसाद: डावी बाजू

थोडी वेगळी बाजू मांडतो. बॅबकॉकसारख्या खेळाडूला किताब मिळतो तो फक्त गुणांमुळे नाही. पास बिघडला, चेंडू नेटपासून पंधरा फूट लांब उडाला, सेटर पोचली नाही, कुणीतरी कसाबसा उंच टाकला. समोर दोन-तीन हात उभे, त्यांना माहीत आहे चेंडू कुणाकडे जाणार. तिथून गुण काढणं, किंवा निदान चूक न करता चेंडू खेळात ठेवणं, हे संघातल्या एक-दोघींनाच जमतं. प्रशिक्षक मत देतात तेव्हा हे ओझं त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. ताई, लिबेरोची बाजू तुम्ही फार छान मांडलीत, पण स्मॅशर म्हणजे तयार ताटावर बसणारी असं त्यातून दिसतं, ते मला मान्य नाही.

आणि मारणारीच जिंकते असंही नाही. 2020 चा हंगाम कोविडमुळे 2021 च्या वसंतात झाला, सगळी राष्ट्रीय स्पर्धा तुमच्याच ओमाहात. तेव्हा केंटकीची सेटर मॅडिसन लिली देशातली सर्वोत्तम ठरली आणि संघानं टेक्ससला हरवून विजेतेपदही घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनची मधली ब्लॉकर डाना रेट्की. म्हणजे दार बंद नाहीये.

प्रतिसाद: गुडघ्याचं पॅड

सेटरसाठी आणि मधलीसाठी बंद नाही, लिबेरोसाठी बंद आहे. धागाकर्तीचा मुद्दा तोच आहे!

ताई, मी सांगली जिल्ह्यात शाळा-कॉलेजकडून खेळले, आता इथे टेक्ससमध्ये मुलींच्या क्लबला शिकवते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक प्रशिक्षकाच्या बाकावर असतं. आम्ही प्रत्येक सर्व्हिस-पासला 0 ते 3 गुण देतो. सेटरला जागा न सोडता तिन्ही वाटा मिळाल्या तर 3. दोनच वाटा उरल्या तर 2. सेटरला धावत जाऊन फक्त उंच टाकता आलं, किंवा दुसऱ्याच कुणी टाकलं तर 1. थेट गुण गेला तर 0. शेवटी सरासरी काढायची. 2 च्या वर सातत्यानं राहणारी मुलगी म्हणजे सोनं. कॉलेजचे संघ हे सगळं संगणकावर नोंदवतात, पण लोकांना दिसणाऱ्या गुणपत्रकात ते येत नाही. मत देणाऱ्या चाहत्याला म्हणून लिबेरोचं अर्धं काम दिसतच नाही.

डिग्जच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. ज्या संघाचा ब्लॉक भक्कम, तिथे मागे चेंडू कमी येतात, लिबेरोच्या डिग्ज कमी होतात. ब्लॉक कच्चा असेल तर बिचारी दिवसभर चेंडू उचलत बसते आणि यादीत वर चढते. रॉड्रिगेझपुढे नेब्रास्काचा ब्लॉक होता हे लक्षात ठेवा. तिचं मोठेपण मला दिसायचं ते स्मॅशरचा खांदा वळायच्या आत ती जागेवर उभी असायची त्यात.

घरी करता येईल असं सांगते. सगळ्यांनी मिळून एका सामन्याचा एकच सेट बघा, चेंडूकडे न बघता फक्त लिबेरोकडे. कागदावर 3, 2, 1, 0 लिहीत जा. मग मत द्या.

प्रतिसाद: पाचवा सेट

राष्ट्रीय स्पर्धेबद्दल. एव्हीसीएचा किताब अंतिम सामन्याच्या आधीच जाहीर होतो, उपांत्य आणि अंतिम सामन्याच्या मधल्या दिवसांत. अंतिम टप्प्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान वेगळा असतो, तो शेवटच्या सामन्यानंतर देतात. त्यामुळे दोन्ही नावं पुष्कळदा जुळत नाहीत. 2021 ला किताब रेट्कीला, पण अंतिम टप्प्यातला मान तिच्याच संघातल्या पहिल्या वर्षाच्या अ‍ॅना स्मरेकला. 2023 ला किताब विस्कॉन्सिनच्या सेरा फ्रँकलिनला, आणि तिचा संघ उपांत्य फेरीत टेक्ससकडून हरला. टेक्ससनं पुढे नेब्रास्काला हरवलं, मान मॅडिसन स्किनरला. 2024 ला बॅबकॉकचा पिट्सबर्ग संघ लुइव्हिलकडून उपांत्य फेरीत गेला आणि विजेतं ठरलं पेन स्टेट.

माझं मत, तुम्हीही वेगळंच ठेवा. हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, डिसेंबरात संपतो. चार महिन्यांची मेहनत एका वाईट संध्याकाळी पुसून टाकू नका.

प्रतिसाद: तिसरा स्पर्श

सेटरच्या किताबाबद्दल राहिलं होतं. 2024 पासून एनसीएएनं महिलांच्या खेळात संघाच्या दुसऱ्या स्पर्शातला डबल टच (चेंडूला सलग दोनदा हात लागणं) चूक मानणं बंद केलं, चेंडू आपल्याच बाजूला राहिला तर. आधी हातातून चेंडू किती स्वच्छ सुटतो यावर सेटरची पारख व्हायची. आता मागे धावत जाऊन वेड्यावाकड्या कोनातून टाकलेला सेटही चालतो. तेव्हा हात बघण्यापेक्षा निवड बघा, कुणाला, कधी, किती वेगानं. नेब्रास्काची बर्गन राइली समोरच्या मधल्या ब्लॉकरला शेवटच्या क्षणापर्यंत थांबवून ठेवते, ते दर सेटमागच्या असिस्टमध्ये दिसत नाही. शिवाय कुठल्या संघात दोन सेटर आलटून पालटून खेळत असतील तर दोघींचे असिस्ट वाटले जातात, त्यांना आकड्यात हरवू नका.

प्रतिसाद: डावी बाजू

गुडघ्याचं पॅड, तुमची पासची पद्धत पटली. मी एक सुचवतो. प्रत्येकानं सर्वोत्तम खेळाडूसाठी तीन नावं क्रमानं द्यावीत, 5, 3, 1 गुण. एकच नाव लिहायचं असलं की हात आपोआप स्मॅशरकडे जातो. तीन लिहायची म्हटली की लिबेरो आणि सेटरची खरी किंमत कळते. तिन्ही नावं एकाच जागेवरच्या खेळाडूंची नकोत, असाही नियम घाला हवं तर.

प्रतिसाद: नेटपलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं.

5-3-1 पद्धत घेते. जागांची सक्ती मात्र नको, नाहीतर लिबेरोचं नाव नियमामुळे आलं असं कुणीतरी म्हणणारच, आणि ते मला रॉड्रिगेझसाठीही नको आणि माझ्या मुलीसाठीही नको. नाव यायचं तर कामावर यावं. राष्ट्रीय स्पर्धेचा मान वेगळा ठेवते, त्यासाठी एक जास्तीचा रकाना. सेटर आणि बचावपटू वेगळे राहतीलच, बिग टेन कॉन्फरन्सही, म्हणजे नेब्रास्का ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते तोही, तसे देते.

आणि मतदानाच्या आधी सगळ्यांनी एक सेट बसून बघायचा हे नक्की. मी पेन स्टेटविरुद्धच्या 2024 च्या उपांत्य सामन्याचा चौथा सेट निवडलाय. आपण दोन सेटांनी पुढे होतो, त्या सेटमध्येही पुढे होतो, आणि 28-26 नं गेला. आमच्या घरात तो सामना पुन्हा लावायची कुणाची छाती होत नाही. पण दडपणाखाली कोण काय करते ते त्यात जितकं दिसतं तितकं सहज जिंकलेल्या सामन्यात दिसणार नाही, शिवाय दोन्ही बाजूंच्या लिबेरो बघता येतील.

एक शंका उरली. सर्व्हिस नेटला लागून आत पडली आणि लिबेरोनं पुढे झेपावत कशीबशी उचलली, तर तो 1 धरायचा की चेंडू अवघड होता म्हणून 2?

प्रतिसाद: गुडघ्याचं पॅड

1 च. सेटरला काय मिळालं तेवढंच लिहायचं, चेंडू किती अवघड होता ते नाही. दया आली तर बाजूला खूण करा आणि सरासरी काढून झाल्यावर त्या खुणा मोजा. आमच्या क्लबमध्ये आम्ही फुली मारतो.

अजून एक, डॅनी बुसबूम केली आता नेब्रास्काच्या मुख्य प्रशिक्षक झाल्यात. 2006 ला नेब्रास्का ओमाहात विजेती झाली तेव्हा त्या लिबेरो होत्या, त्याआधी सेटर. त्या वर्षी देशातली सर्वोत्तम ठरली त्यांच्याच संघातली स्मॅशर सेरा पावन. मुलीला हे सांगा, तिला आवडेल. आणि मतदानाचा निकाल इथे टाका.