नवा मिररलेस कॅमेरा घ्यायचाय: तुम्हाला त्यात नक्की काय हवंय? अनुभव लिहा

मासुंदाकाठची
परवा वहिनीने घरातल्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून आणल्या आणि आम्ही सगळे तिचं लग्न बघत बसलो. नौपाड्यातला हॉल, खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला, त्याच्यामागे हॅलोजन आणि वायरचं भेंडोळं सांभाळणारा पोरगा. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो आणि नेमकी पडद्यावर फोटोवाल्याची पाठ! नवरी दिसतच नाही. वहिनी म्हणाली, "फोटो मात्र छान काढलेत हो त्याने." नंतर पंगतीच्या वेळी दोघांची जुंपली, तेही रेकॉर्ड झालंय.

आता ती दोन माणसं एकाच यंत्रात आलीत. २००८ साली निकॉन डी९० आला, व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा. त्याच वर्षी कॅननचा ५डी मार्क टू आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी१, म्हणजे मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या सेन्सरच्या पद्धतीचा पहिला मिररलेस, आरसा नसलेला. पण भांडण मिटलं नाही, कॅमेऱ्याच्या आत गेलं इतकंच. घरच्या कार्यात मी दोन्ही कामं करते. व्हिडिओला सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर. फोटोला निदान १/२५०, नाहीतर उडणाऱ्या अक्षतांच्या रेघा होतात. अंतरपाट खाली येता येता हे सगळं फिरवायला हात किती लागतात?

म्हणून मला हवाय एक खटका. इकडे केला की फोटोचं शटर, फोटोचा व्हाइट बॅलन्स, फोटोचा फोकस. तिकडे केला की व्हिडिओचं सगळं, मागच्या वेळी ठेवलं होतं तसं. निकॉनकडे असा खटका आहेच, सोनीने २०२१ च्या ए७ फोरमध्ये डायलखाली दिला, कॅननने आर६ मार्क टूवर. स्वस्तातल्या बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) मात्र मेन्यूत शिरा.

तुमचं सांगा. कंपनीचा तक्ता चिकटवू नका, वापरताना काय अडतं ते लिहा.

रबाळे_फास्ट
रुमाल टाकून ठेवतो. ऑफिस सुटलं की लिहितो.

भावेची_विंग
फोटोवाल्याची पाठ 😂😂 आमच्याही कॅसेटमध्ये आहे. ठाण्यात एकच माणूस सगळीकडे जायचा की काय

माझं दुखणं वेगळं. मुलीच्या नृत्यवर्गाचे कार्यक्रम मी काढते, वाशीला विष्णुदास भावेमध्ये. मेकॅनिकल शटर वाजलं की पुढच्या रांगेतल्या आज्या मागे वळून बघतात. सायलेंटवर टाकलं की एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, तेवढ्यात दिवा विझून पेटलेला असतो, त्याचे ते पट्टे. घरच्या ट्यूबलाइटचं गणित सोपं आहे, आपली वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, १/५० किंवा १/१०० ठेवलं की झालं. स्टेजवरच्या एलईडीचा ताल मात्र ज्याचा त्याचा.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, झटपट वाचणारा सेन्सर, परवडणाऱ्या किमतीत. सोनीच्या ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आलंय, सगळा सेन्सर एकदम वाचतो, पट्ट्यांचा प्रश्नच नाही, पण तो कॅमेरा आपल्यासाठी नाही. निकॉनने झेड६ थ्रीला अर्धवट स्टॅक्ड, म्हणजे नेहमीपेक्षा झटपट वाचणारा सेन्सर दिला २०२४ ला, तसलं काही खालच्या बॉडीत उतरायला पाहिजे. दुसरं म्हणजे शटर बारीक-बारीक पायऱ्यांनी सरकवता यावं, १/९८.५ वगैरे. पट्टे दिसेनासे होईपर्यंत चाक फिरवायचं, बास. वरच्या मॉडेलांत देतात. सॉफ्टवेअरचंच तर काम आहे ना ते? खाली द्यायला काय जातं?

कळवा_खाडी
तुमचा धंदा बुडवायला जातं ताई. म्हणजे त्यांचा.

ऐरोलीचे आजोबा
मी निवृत्त आहे, सकाळी वेळ असतो, म्हणून सविस्तर लिहितो. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला २०१५ ला, रामसर यादीत ती गेली २०२२ ला. आम्ही त्याच्या आधीपासून चिखल तुडवतोय. तेव्हा फिल्म होती, रोल ३६ चा, आणि खाडीतला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, फोटोत एक गुलाबी ठिपका.

मला व्हिडिओशी फारसं देणंघेणं नाही असं म्हणायचो. पण थवा उठतो तो आवाज आणि ते काळं-गुलाबी उलगडणं फोटोत मावत नाही, म्हणून आता दोन्ही करतो. मागण्या सांगतो.

पहिली म्हणजे वजन. दोन किलोची २००-६०० मिलिमीटरची लेन्स आता बोटीत हातात धरवत नाही. कॅननची १००-४०० आहे, ६३५ ग्रॅम. तोंड लहान, एफ ८ पर्यंत जाते, उजाडायच्या आधी उपयोगाची नाही. पण कॅननच्या आर७ चा सेन्सर लहान, त्यावर १.६ पटीने ६४० पर्यंत पोच मिळते आणि खांदा शाबूत राहतो. सगळ्या कंपन्यांनी अशी एकेक काढावी.

दुसरी, प्री-कॅप्चर. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा आधीचे क्षण साठवत राहतो, पूर्ण दाबलं की मागचेही मिळतात. खंड्या सूर मारतो तो आपलं बोट हलायच्या आत. ऑलिंपसने हे २०१६ ला ई-एम१ मार्क टूमध्ये दिलं. इतकी वर्षं झाली, अजून कितीतरी बॉडींत नाही, किंवा असलं तर रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) मिळत नाही, फक्त जेपेग. हे मला समजत नाही.

तिसरी, मेन्यूची अक्षरं मोठी करा हो.

नेरुळची सासू
आजोबा, शेवटच्या मागणीला साष्टांग नमस्कार 🙏 मी चष्मा डोक्यावर, मग नाकावर, मग परत डोक्यावर, तोवर पक्षी उरणला पोचलेला असतो.

कळवा_खाडी
फोनने काढा. सगळं आपोआप. लेन्स नाही, फंगस नाही, कटकट नाही.

नेरुळची सासू
फोनमध्ये रोहित काढून दाखव बरं. गुलाबी मुंग्या येतात.

खारघर_सेक्टर_वीस
फंगसचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे डोंगर लागून आहे, जून ते सप्टेंबर भिंती घामेजलेल्या. लेन्समध्ये आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसायला लागलं आणि दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात सेकंडहॅन्ड लेन्स आली असती. तेव्हापासून ड्राय कॅबिनेट, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत. नसेल घेता येत तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, निळी गुलाबी झाली की तापवून परत निळी करायची. हा कॅमेऱ्यातला फीचर नाही हे मला माहीत आहे. पण वेदर सीलिंगच्या जाहिरातीत बर्फातला माणूस दाखवतात. आमच्याकडे बर्फ पडत नाही, दमट पडतं.

चेंदणी
"दमट पडतं" 😄 जपून ठेवणार हे वाक्य

माझा मुलगा टेंभी नाक्याची दहीहंडी शूट करतो, वरून पाऊस, खालून टँकरचं पाणी. बॉडी सील्ड होती, लेन्स किटची, तिला माउंटपाशी, म्हणजे बॉडीला जोडते तिथे, रबरच नव्हतं. पाणी कुठून शिरलं ते सांगायला नको. सील्ड बॉडीबरोबर किट लेन्सही सील्ड द्या, नाहीतर ते पुढचा दरवाजा बंद करून खिडकी उघडी ठेवल्यासारखं झालं.

रबाळे_फास्ट
आलो. लोकल थांबलीय तोवर लिहितो.

मी नोकरीबरोबर लग्नांचं एडिटिंग करतो. कॅमेऱ्यात काय हवं हे विचारताना कॉम्प्युटरकडे कोणी बघतच नाही. १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारा व्हिडिओ, सगळ्यांना हवा असतो, कारण हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल ग्रेड करताना (रंग सुधारताना) फाटत नाही. पॅनासॉनिकने जीएच५ मध्ये २०१७ ला ते आत रेकॉर्ड करून दिलं तेव्हा आम्ही नाचलो होतो. पण तेच आता एच.२६५ या फाइल-प्रकारात दाबून येतं आणि टाइमलाइनवर टाकलं की मशीन गचके खातं. हे उलगडणारं हार्डवेअर इंटेलच्या चिपांत बऱ्यापैकी आधी आलं, ॲपलच्या एम१ मध्ये आहे, एनव्हिडियाच्या कार्डांत थेट ५० सिरीजमध्ये, म्हणजे २०२५ ला. मग पोरं महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊनही प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवत बसतात. कॅमेऱ्याने मूळ फाइलबरोबर छोटी प्रॉक्सी स्वतःच लिहावी, तीही दुसऱ्या मेमरी कार्डावर, आणि नाव तेच ठेवावं. काही कॅमेरे करतात. सगळ्यांनी करा.

आणि मेमरी कार्डं. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी होतात. २०० ला दुप्पट. सकाळच्या ग्रहमखापासून रात्रीच्या वरातीपर्यंत हिशोब करा. क्लायंटला वाटतं "डिजिटल आहे, फुकट आहे".

दिवा स्टेशन आलं, गाडी हलली. बाकी नंतर.

मासुंदाकाठची
रबाळे ते ठाणे करताना दिवा कुठून आलं?

रबाळे_फास्ट
आज डोंबिवलीला चाललोय, सासुरवाडी. नाव बदलायला वेळ नाही मिळाला 😅

चेंदणी
सासुरवाडीला चालला आहात तर मामलेदारची मिसळ पार्सल न्यायची होती ना ठाण्याला बदलताना

भावेची_विंग
पार्सल मिसळ?? पाव भिजतो, फरसाण मऊ पडतं. तिथेच उभं राहून खायची ती.

चेंदणी
रस्सा वेगळा बांधून देतात हो.

घोडबंदर_लॉन
मिसळवाल्यांनी वेगळा धागा काढा 🙂

मे महिन्यात दुपारचं रिसेप्शन, लॉनवर मंडप, 'फोर-के' चालू. भाषणाच्या मधोमध स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह आणि कॅमेरा झोपला. कंपनीचं नाव घेत नाही, या दुखण्यात बरेच भाऊबंद आहेत. दुकानवाल्याने सांगितलं "सर, स्क्रीन उघडून बाहेर ठेवा, मागे हवा लागते". मग एक माणूस छत्री धरून कॅमेऱ्यावर आणि नवरदेवाचे काका उन्हात. मला पंखा असलेली बॉडी चालेल, जाड असली तरी. पॅनासॉनिकने एस५ टूला पंखा दिला आणि त्याच बॉडीत पहिल्यांदा फेज डिटेक्ट हा पटकन स्थिरावणारा फोकसही. त्याआधी त्यांच्या व्हिडिओत मागची पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी हलायची, ज्यांनी वापरलंय त्यांना कळेल.

आणि आत बसवलेला एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा फिल्टर. भर उन्हात १/५० शटर म्हणजे सगळं पांढरं. म्हणून लेन्सवर काळी काच फिरवायची, फोटोला आलो की काढायची, खिशात टाकायची, हरवायची. सोनीच्या एफएक्स६ ला आत आहे, फुजीच्या एक्स१०० मालिकेतही आहे. फोटो-व्हिडिओवाल्या लेन्स बदलायच्या बॉडीत सहसा नाही, सेन्सर हलवून कंप घालवायची यंत्रणा तिथे जागा खाऊन बसलेली असते. दोन्हींतलं एक निवडा म्हटलं तर मी एनडी घेईन. लोक मला वेड्यात काढतील.

खारघर_सेक्टर_वीस
काढलं. गिंबलशिवाय सप्तपदी शूट करून दाखवा स्टॅबिलायझेशन बंद ठेवून.

घोडबंदर_लॉन
मोनोपॉड आहे की. आणि सप्तपदीत कोणी धावत नाही.

खारघर_सेक्टर_वीस
आमच्याकडे गुरुजी धावतात, त्यांना पुढचं लग्न असतं.

मासुंदाकाठची
हाहाहा. चालू द्या. बॅटरीबद्दल कोणीच कसं नाही बोललं? निकॉनच्या डी७५० ला सिपाच्या (कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या) मोजणीत एका चार्जवर १२३० फोटो होते. मिररलेसचा सेन्सर आणि स्क्रीन सतत जागे. सोनीच्या ए७ थ्रीला ७१० मिळाले तेव्हा लोक खूश झाले, यावरून आधी काय असेल बघा.

कोपरी_पूल
बॅटरी चालते हो आता, टाइप-सी पॉवरबँक लावता येते. माझा राग चार्जरवर. बॉक्समध्ये बऱ्याचदा चार्जर देत नाहीत. दोन बॅटऱ्या असल्या तर एक कॅमेऱ्यात चार्ज करा आणि तोवर कॅमेरा वापरू नका, असा सल्ला देणारी माणसं लग्नाला कधी गेली नसणार.

दुसरं, मायक्रो एचडीएमआय. नखाएवढं भोक. मॉनिटरची वायर कोणाच्या तरी पायात आली की भोकासकट बाहेर. मोठं एचडीएमआय द्या, बॉडी दोन मिलिमीटर जाड करा, आम्ही तक्रार करणार नाही.

दिघा_स्टेशन
वाचतेय. मला रील्ससाठी हवाय. उभं आणि आडवं दोन्ही मागतात आता, घरचे टीव्हीवर बघणार आणि नवरी इन्स्टावर. ओपन गेट म्हणजे काय ते कोणी सोप्या भाषेत सांगेल का

रबाळे_फास्ट
सेन्सर ३:२ असतो (जीएच५ चा ४:३), नेहमीचा व्हिडिओ १६:९, म्हणजे वरचा-खालचा भाग फेकला जातो. ओपन गेटमध्ये पूर्ण सेन्सर रेकॉर्ड होतो. मग एकाच क्लिपमधून आडवा कापा किंवा उभा कापा, उभ्याला डोकं-पाय जास्त मिळतात. जीएच५, एस५ टू, फुजी एक्स-एच२एस यांत आहे. तुमच्या कामाला हेच बघा, ८के बिके सोडा.

दिघा_स्टेशन
धन्यवाद दादा 🙏 बजेट बॉडीचंच आहे. लेन्सचं काय करायचं?

कोपरी_पूल
आधी लेन्स ठरवा, मग बॉडी. सोनीच्या माउंटला सिग्मा-टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स कितीतरी आहेत. कॅननने आरएफ माउंट त्यांच्यासाठी बरीच वर्षं बंद ठेवला होता, २०२४ ला एपीएस-सीसाठी (लहान सेन्सरच्या बॉडींसाठी) सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्स जाहीर झाल्या. मुंबईत फोर्टच्या दुकानांत जाऊन हातात धरून बघा. बिल मागा. "बिलाशिवाय कमी करतो" म्हणाला की बाहेर पडा, वॉरंटीच्या वेळी तो ओळखही दाखवत नाही.

कळवा_खाडी
एवढं सगळं वाचून मलाच घ्यावासा वाटायला लागला. बायको हे वाचत नसावी.

नेरुळची सासू
बायकोला हातात धरायला द्या, ग्रिप तिला पेलते का बघा, मग परवानगी आपोआप मिळते. माझ्या नवऱ्याने असाच लेन्सचा खर्च काढून घेतला माझ्याकडून.

आजोबा, ती १००-४०० एकदा लावून बघता येईल का?

ऐरोलीचे आजोबा
जरूर या. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रावरून बोट भरतीच्या वेळेवर सुटते, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारा. कॅननची बॉडी असेल तर स्वतःची आणा, नसेल तर माझी आहे. कार्ड मात्र आपापलं आणायचं. मागच्या वेळी सगळ्यांनी माझ्या कार्डावर काढलं आणि मी आठवडाभर लोकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसलो होतो.