डेरिक क्वीनसाठी पेलिकन्सने मोजलेली किंमत: बरोबर की चूक?

दर्यावर्दी (२७ जून २०२५)

मंडळी, इथे एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघणारे बरेच जण आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. २५ जूनच्या रात्री ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये ड्राफ्ट झाला, म्हणजे संघांनी नंबरवारीने नवे खेळाडू निवडले. न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सने सातव्या नंबरवर ओक्लाहोमाचा जेरेमाया फिअर्स घेतला. अठरा वर्षांचा पोरगा, पहिल्याच पावलात बचाव करणाऱ्याला मागे टाकणारा. डिजाँटे मरेचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) जानेवारीअखेर तुटलाय, सीजे मॅकॉलमला याच आठवड्यात वॉशिंग्टनला पाठवलं, तेव्हा गार्ड हवाच होता. त्यावर माझा वाद नाही.

वाद आहे तेराव्या नंबरचा. तो अटलांटा हॉक्सचा होता. तो मिळवायला पेलिकन्सने आपला तेविसावा नंबर दिला आणि वर २०२६ ची पहिल्या फेरीची निवड दिली. तीही कशी, तर पेलिकन्स आणि मिलवॉकी बक्स या दोघांच्या निवडींपैकी जी वरची निघेल ती, कसलंही प्रोटेक्शन (वरचे काही नंबर स्वतःकडे राखण्याची अट) न ठेवता. पुढच्या वर्षीच्या लॉटरीत (वरचे नंबर ठरवणाऱ्या सोडतीत) या दोघांपैकी कोणाचाही पहिला नंबर लागला, तरी तो खेळाडू अटलांटाला जाणार. हे सगळं मेरीलँड विद्यापीठाच्या डेरिक क्वीनसाठी.

आता तो तेविसावा नंबर आला कुठून तेही बघा. इंडियानाची २०२६ ची निवड (पहिले चार नंबर वगळून) पेलिकन्सकडे होती. फायनल्स चालू असताना, १७ जूनला, ती इंडियानालाच परत देऊन हा तेविसावा घेतला. पाच दिवसांनी सातव्या सामन्यात इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनचा अकिलीस तुटला आणि त्या निवडीचं मोल एका रात्रीत वाढलं. त्या दुर्दैवाचा दोष मी पेलिकन्सचा कारभार बघणाऱ्या जो डुमार्सला देणार नाही. पण हिशेब मांडला तर एका क्वीनपायी २०२६ च्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी गेल्या. आणि २०२६ चं पीक कसलं आहे! डॅरिन पीटरसन, एजे डिबांत्सा, कॅमेरॉन बूझर. २१-६१ वर हंगाम संपवलेल्या, झायन विल्यमसन जेमतेम ३० सामने खेळलेल्या संघाने ही निवड उघड्यावर टाकणं म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाणं विकणं आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही.

चेसापीककाठ

दर्यावर्दी, तुम्ही क्वीनला खेळताना किती पाहिलंय? मी हा हंगाम मेरीलँडच्या कॉलेज पार्कला जाऊन पाहिलाय, म्हणून बोलते.

मार्चमधला कोलोरॅडो स्टेटविरुद्धचा सामना आठवा. शेवटची ३.६ सेकंदं, मेरीलँड एका गुणाने मागे. चेंडू कोणाकडे जाणार हे समोरच्या संघालाही ठाऊक होतं. क्वीनने तो घेतला, डावीकडून ड्रिबल करत आत शिरला आणि तोल जात असताना बोर्डावर टेकवून बास्केट केली. ७२-७१. नंतर पत्रकारांनी विचारलं, एवढा आत्मविश्वास आला कुठून, तर म्हणाला, मी बाल्टिमोरचा आहे.

पण त्या एका बास्केटसाठी मी त्याची बाजू घेत नाहीये. ६ फूट ९ इंचांचा हा दणकट पोरगा रिबाउंड घेतो आणि गार्डची वाट न बघता स्वतःच चेंडू पुढे नेतो. दोघे अंगावर आले की तिसरा कुठे मोकळा आहे हे त्याला आधीच दिसलेलं असतं. पहिल्याच वर्षी सरासरी १६.५ गुण आणि ९ रिबाउंड. कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात) उड्या मारण्याच्या आणि धावण्याच्या चाचण्यांत तो मागे पडला, म्हणून लोक त्याला खाली ढकलत गेले. डेन्व्हरचा दिग्गज निकोला योकिच किती उंच उडी मारतो? त्याला तर ४१ व्या नंबरवर घेतलं होतं.

आणखी एक. २०२४ मध्ये एकही सामना न हरलेल्या माँटव्हर्ड अकॅडमी या शाळेच्या संघात, यंदा पहिल्या नंबरवर गेलेल्या कूपर फ्लॅगच्या बरोबरीने क्वीन होता. हॉक्सने तेविसाव्या नंबरवर ज्याला घेतलं तो एसा न्यूएलही त्याच संघातला. त्या दोघांमध्ये कोण जास्त भारी होता हे ते सामने पाहिलेल्या कोणालाही विचारा.

हिशेबतपासनीस

ताई, खेळाडूबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं मान्य केलं, तरी दर्यावर्दींचा प्रश्न तसाच उभा राहतो. चांगला खेळाडूही किती किमतीला घ्यायचा याला हद्द असते. आणि पास देता येणारा कोणीही उंच मुलगा दिसला की त्याला योकिचच्या शेजारी बसवणं थांबवा. त्या अपेक्षेखाली बरीच पोरं चिरडली गेली आहेत.

प्रोटेक्शनशिवाय दिलेल्या निवडींचा इतिहास वाचा. २०११ मध्ये क्लिपर्सना बॅरन डेव्हिसचा महागडा करार अंगावरून उतरवायचा होता, म्हणून त्याच्यासोबत आपली निवड क्लीव्हलँडला देऊन टाकली. लॉटरीत तिला पहिला नंबर लागण्याची शक्यता होती २.८ टक्के. लागला. कायरी अर्व्हिंग! २०१३ मध्ये नेट्सने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्ससाठी बॉस्टनला तीन निवडी आणि २०१७ च्या अदलाबदलीचा (आपली निवड देऊन त्यांची घेण्याचा) हक्क दिला. तेव्हा नेट्सला वाटत होतं की आपण आता वरच राहणार. २०१६ ची निवड तिसरी निघाली, बॉस्टनने जेलन ब्राउन घेतला. २०१७ ची पहिली निघाली, दोन नंबर खाली सरकून त्यांनी जेसन टेटम घेतला. २०२४ चं विजेतेपद त्या दोघांच्या खांद्यांवर उभं आहे. नेट्सकडे निदान नावाजलेले खेळाडू आले होते. इथे आला तो एनबीएचा एकही सामना न खेळलेला पोरगा.

भल्यापहाटे_पुणे

पहाटे साडेपाचला उठून पूर्ण ड्राफ्ट पाहिला आणि तेराव्या नंबरला मी आनंदाने ओरडलो, त्यामुळे माझं मत उघड आहे.

हिशेबतपासनीस, लॉटरीचेच आकडे घ्या. यंदा पेलिकन्स खालून चौथे होते, पहिल्या नंबरची शक्यता १२.५ टक्के. मिळालं काय, सातवा नंबर. डॅलसची शक्यता १.८ टक्के होती, त्यांना कूपर फ्लॅग मिळाला. २०१९ पासून लॉटरी अशी सपाट केलीय की सगळ्यात वाईट तीन संघांनाही प्रत्येकी १४ टक्केच मिळतात. तुम्ही पीटरसन आणि डिबांत्साची नावं घेता, जणू ते आपल्या हातातून निसटले. आपल्या हातात होती फक्त एक चिठ्ठी, आणि ती उघडल्यावर आठवा किंवा अकरावा नंबरही निघू शकतो.

शिवाय तेराव्या नंबरचा इतिहास बघा. १९९६ मध्ये कोबी ब्रायंट, २०१५ मध्ये डेव्हिन बुकर, २०१७ मध्ये डोनोव्हन मिचेल. मिचेलच्या वेळी डेन्व्हरने हा नंबर युटाला देऊन चोविसावा नंबर आणि ट्रे लायल्स घेतला होता. आज त्या व्यवहारात कोण जिंकलं याची चर्चासुद्धा होत नाही. कोबीला त्या रात्री शार्लट हॉर्नेट्सने निवडलं आणि व्लादे दिवाचच्या बदल्यात लेकर्सला दिलं. हाच संघ २००२ मध्ये बिऱ्हाड हलवून न्यू ऑर्लिन्सला आला. ज्या घराण्याने तेराव्या नंबरवरचा कोबी दुसऱ्याला दिला, त्याने एकदा तरी तेराव्यासाठी पुढे होऊन हात घालावा असं मला मनापासून वाटतं.

हिशेबतपासनीस

मिचेलचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं, साहेब. युटाने काय दिलं? बाकावर बसणारा एक खेळाडू आणि चोविसावा नंबर. पुढच्या वर्षीची निवड दिली नाही. तेवढ्याच किमतीत पेलिकन्सने क्वीन आणला असता तर मीसुद्धा ओरडलो असतो.

आणि १२.५ टक्के फसले, याचा अर्थ १२.५ टक्क्यांना किंमत नाही असा होत नाही. इथे तर पेलिकन्स आणि बक्स अशा दोन चिठ्ठ्या आहेत, आणि त्यातली चांगली हॉक्सने उचलायची आहे.

बायूवासी

मी न्यू ऑर्लिन्सला राहतो. बरीच वर्षं स्मूदी किंग सेंटरला जातोय. इथल्या माणसाच्या बाजूने थोडं लिहितो.

हा संघ इथे आल्यापासून एकदाही कॉन्फरन्स फायनलला (म्हणजे उपांत्य फेरीला) पोचलेला नाही. २००५ मध्ये क्रिस पॉल मिळाला, तो गेला. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिस मिळाला, तोही २०१९ मध्ये लेकर्सकडे गेला. त्या बदल्यात ब्रँडन इंग्रॅम आला आणि निवडींचा ढीग आला. मग २०२० मध्ये जरू हॉलिडे मिलवॉकीला दिला आणि आणखी निवडी आल्या. ज्या बक्सच्या अदलाबदलीवरून तुम्ही भांडताय, ती त्याच व्यवहारातून आलेली. जरू गेला त्याच हंगामात मिलवॉकीला विजेतेपद मिळवून देऊन मोकळा झाला, आणि आम्ही इथे बसून २०२६ ची वाट बघायची? या गावाला गेली वीस वर्षं 'पुढच्या वर्षी'च ऐकवलं जातंय.

गेल्या हंगामातल्या २१ विजयांवरून पुढचं भाकीत करू नका. त्याच्या आधीच्या वर्षी हाच संघ ४९-३३ होता. एप्रिल २०२४ चा लेकर्सविरुद्धचा प्ले-इन (बाद फेरीत शिरण्यासाठीचा) सामना मी खुर्चीवर उभा राहून पाहिलाय. झायनने ४० गुण केले आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मांडीचा स्नायू धरून तो आत गेला. तेव्हापासून आमच्या मागे शुक्लकाष्ठच लागलं आहे. मरेचा पहिल्याच सामन्यात हात मोडला आणि पुढे अकिलीस तुटला. हर्ब जोन्स आणि ट्रे मर्फी, दोघांचेही खांदे गेले. ही माणसं उभी राहिली तर तुमची ती मौल्यवान निवड विसाव्या नंबरच्या आसपास जाईल.

डुमार्स लुइझियानाचा आहे. नॅकिटशमध्ये वाढला, लेक चार्ल्सच्या मॅकनीजकडून खेळला, अठराव्या नंबरवर निवडला गेला आणि डेट्रॉइटमध्ये दोन विजेतेपदं जिंकला. निवडींच्या वह्या जपत बसणाऱ्यांपेक्षा हा माणूस एका पोराला बघून म्हणाला, मला हा हवाय. एप्रिलमध्ये आला, जूनमध्ये धाडस केलं. मी त्याच्या बाजूने आहे.

दर्यावर्दी

बायूवासी, तुमचं दुःख समजतं. बाहेरून लिहिणाऱ्याला ते तेवढं लागत नाही हेही खरं. पण याच दुःखामुळे माझा राग आहे. पॉल किंवा डेव्हिसच्या तोडीचा माणूस न्यू ऑर्लिन्सला मिळतो तो ड्राफ्टमधूनच. मोठे खेळाडू करार संपल्यावर लॉस एंजेलिस नाहीतर मायामी गाठतात. लहान गावाच्या संघाकडे पहिल्या नंबरची शक्यता हीच एक मोठी ठेव असते, आणि तीच गेली.

डुमार्सच्या नजरेबद्दल बोलायचं तर दोन्ही बाजू लिहा. २००४ चा विजेता डेट्रॉइट त्याने बांधला. चॉन्सी बिलप्स, रिचर्ड हॅमिल्टन, रशीद वॉलेस, एकेक माणूस हेरून आणला. तो संघ मला आजही प्रिय आहे. पण ते सगळे दुसरीकडून आणलेले खेळाडू होते. २००३ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर कार्मेलो अँथनी, क्रिस बॉश, ड्वेन वेड हे तिघेही समोर असताना त्याने डार्को मिलिचिच घेतला. 'मला हा हवाय' हे तेव्हाही त्याने तितक्याच खात्रीने म्हटलं असणार.

चेसापीककाठ

डार्कोला अमेरिकेत फार थोड्या लोकांनी खेळताना पाहिलं होतं. क्वीनचा पूर्ण हंगाम टीव्हीवर सगळ्यांसमोर झालाय. ही तुलना मला अन्यायाची वाटते.

एक काळजी मात्र मलाही आहे, आणि तिच्याबद्दल इथे कोणीच बोलत नाहीये. बचावाचं काय? क्वीन रिंगजवळ धाक बसवणारा खेळाडू नाही, झायनही नाही. गेल्या वर्षी एकविसाव्या नंबरवर घेतलेला ईव्ह मिसी ते काम करतो, ऑल-रूकी (वर्षातल्या उत्तम नवोदितांच्या) संघातही आला. पण मिसी आणि झायन दोघेही बाहेरून शॉट घेत नाहीत, आणि क्वीनचा तीन गुणांचा शॉट अजून भरवशाचा नाही. तिघांना एकत्र खेळवलं तर आत गर्दी होणार. माझ्या मते क्वीन आणि मर्फी ही जोडी आधी उभी करावी. क्वीनने वरून पास द्यायचा, मर्फीने कोपऱ्यातून मारायचं.

भल्यापहाटे_पुणे

सहमत. आणि झायनशिवायच्या दिवसांसाठीच हा खेळाडू घेतलाय असं मला वाटतं. उघडपणे कोणी बोलणार नाही, पण वर्षाला ३० सामने खेळणाऱ्या माणसाभोवती संघ किती काळ बांधायचा?

हिशेबतपासनीस (१ जुलै)

आजची बातमी वाचली का? बक्सने डेमियन लिलार्डला सोडलं. त्याचे उरलेले सुमारे ११.३ कोटी डॉलर पाच वर्षांवर पसरवून, आणि पगारमर्यादेत झालेली ती जागा इंडियानाच्या माइल्स टर्नरसाठी वापरतायत. लिलार्डचा अकिलीस एप्रिलमध्ये तुटला होता, तो तसाही पुढचा हंगाम खेळणार नव्हता.

म्हणजे आपल्या सर्वात मोठ्या खेळाडूला, यानिसला, खूश ठेवायला मिलवॉकी जिवाचं रान करतेय. जमलं तर ठीक. नाही जमलं आणि यानिस निघून गेला, तर बक्सची निवड खूप वर येईल, आणि ती हॉक्सची. तिकडे इंडियानाकडे हॅलिबर्टन नाही, आता टर्नरही नाही. ती निवड आपण पंधरा दिवसांपूर्वी त्यांनाच परत दिली!

बायूवासी

टर्नर आल्याने बक्स मजबूत होतील, हेही त्याच बातमीत आहे. यानिस आहे तोवर तो संघ तळाला जात नाही. उरली आमची निवड, आणि ती खाली ढकलणं आमच्याच हातात आहे. ऑक्टोबरमध्ये झायन, मर्फी, हर्ब तिघं तंदुरुस्त असू देत.

आणि तुम्ही वारंवार प्रोटेक्शन म्हणताय. हॉक्सचा व्यवस्थापक ऑन्सी सॅले दूधखुळा आहे का? पहिले चार नंबर वगळून देतो म्हटलं असतं तर त्याने तेरावा नंबर दिलाच नसता. क्वीन दुसरीकडे गेला असता.

दर्यावर्दी

गेला असता तर गेला असता. तेविसाव्यावर न्यूएल होता, चार दिवस आधी तुम्हीही त्याला घेऊन खूश झाला असता. आणि पुढच्या मे महिन्यात लॉटरी सुरू होताना पेलिकन्सच्या नावाची चिठ्ठी पेलिकन्सचीच राहिली असती.